भिजलेल्या कापडाची पारख

डोंगरावर जावयास निघालेला मनुष्य बुटांविषयी दहा जणांशी मसलत करतो, पाठीवरच्या पिशवीचे पट्टे ओढून पाहतो, विजेरीचे सेल मोजून घेतो. परंतु चढण, घसारा, काटे आणि पाऊस या सर्वांचा मारा दिवसभर जिच्यावर व्हावयाचा ती विजार मात्र घरच्या कपाटातून जी हाती येईल ती चढवून तो चालू लागतो. अंगावरचा सदरा घामेजला तर तो वाटेत कोठेही बदलता येतो, थंडी वाजली तर त्यावर स्वेटर चढविता येतो. विजारीची गोष्ट तशी नाही. पायांत बूट, कमरेला पिशवीचा पट्टा आणि भोवती माणसे असताना ती बदलण्याची सोय बहुधा नसते, आणि म्हणून सकाळी केलेली निवड संध्याकाळपर्यंत निभावून न्यावी लागते. या निवडीची शिस्त काय असावी, हे या लेखात मांडावयाचे आहे.

दुकानात आपण कापडाची परीक्षा करतो ती कोरड्या कापडाची. रंग, पोत, चुणी, हाताला लागणारा मऊपणा, हे सारे गुण कोरडेपणीचे होत. उलट डोंगरावर कापड कोरडे राहण्याचे तास थोडे असतात. श्रावणात ते पावसाने भिजते, वैशाखात घामाने, मार्गशीर्षात गवतावरच्या दंवाने आणि हिमालयात बसल्या जागी वितळणाऱ्या बर्फाने. तेव्हा कोणतेही कापड हाती घेतले असता पहिला प्रश्न ‘हे किती टिकेल’ हा नसून ‘हे भिजल्यावर कसे वागेल’ हा असला पाहिजे. टिकाऊपणाचा प्रश्नही पुष्कळ अंशी त्यातच सामावलेला आहे, कारण ओले, जड, मांडीला चिकटलेले कापडच गुडघ्यावर ताणले जाऊन उसवते आणि त्याच कापडाखाली कातडी सोलवटते.

या दृष्टीने धाग्यांची जात आधी ओळखून घ्यावी. वीस अंश उष्णता आणि पासष्ट टक्के आर्द्रता असलेल्या हवेत नुसते ठेवले असता लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के, कापूस सुमारे ८.५ टक्के, नायलॉन सुमारे ४ टक्के, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के पाणी हवेतून शोषून घेते. हे आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत, कारण त्यांत पुढच्या बहुतेक निर्णयांची किल्ली आहे. पॉलिएस्टरचा तंतू पाणी आत घेतच नाही. ते धाग्यांच्या फटींत अडकून राहते आणि पिळले, झटकले की पुष्कळसे निघून जाते. कापसाचा तंतू पाणी पोटात साठवितो. लोकर तर त्याहून अधिक साठविते. परंतु आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ गिळूनही ती हाताला ओली लागत नाही, आणि वाफ शोषताना स्वतः थोडी उष्णताही सोडते. सह्याद्रीतील धनगर भर पावसात खांद्यावर घोंगडी घेऊन मेंढरांमागे उभा राहतो, तो काही दुसरे वस्त्र मिळत नाही म्हणून नव्हे. भिजूनही ऊब राखणारे दुसरे वस्त्र त्याच्या अनुभवाला आलेले नाही.

जीनच्या पाटलोणीविषयी येथेच स्पष्ट बोलले पाहिजे, कारण राजगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंत कोणत्याही वाटेवर तरुण मंडळींच्या अंगात बहुधा तीच दिसते. कापड मजबूत, काट्याला दाद न देणारे, मळ न दाखविणारे, ही तिची प्रशस्ती खोटी नाही; आणि ओला कापूस दुबळा होतो ही समजूतही चुकीची आहे, कारण कापसाचा धागा ओला असताना कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो. तक्रार बळाविषयी नाही, भाराविषयी आहे. पावसात पूर्ण भिजलेली जीन पायाला लपेटून बसते, उंच पावठीवर पाय टाकताना गुडघा वर येऊ देत नाही, कमरेवरून खाली ओढली जाते, आणि एकदा भिजली की त्या मुक्कामात पुन्हा वाळत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. तेव्हा माथ्यावरच्या वाऱ्यात ओल्या जीनमध्ये थांबलेला माणूस पुण्या-मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, भर जुलैत, हुडहुडी भरून असहाय होऊ शकतो. हा धोका मी अतिशयोक्तीने सांगत नाही. पावसाळ्यातील भटकंतीस जीन घालू नये, हा या लेखातील एकमेव निरपवाद निषेध समजावा.

मग पावसाळ्यात घालावे काय? येथे बहुतेकांची बुद्धी जलरोधक विजारीकडे धावते, आणि दुकानदारही तीच पुढे करतो. परंतु महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे ५,५०० मिलिमीटर पाऊस कोसळतो, आंबोलीस त्याहूनही अधिक. या पावसात तीन-चार तास चढण चढणाऱ्या माणसाला कोरडे ठेवील असे वस्त्र मिळणे दुर्घट आहे. साध्या लेपाची स्वस्त विजार बाहेरचे पाणी अडविते खरी, पण आतला घामही अडविते, आणि तासाभरात माणूस आपल्याच घामाने चिंब होतो. महागड्या विजारीत जो सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा असतो (१९६९ साली रॉबर्ट गोर यांनी तव्यांच्या लेपाला वापरतात तेच द्रव्य तापवून झटक्याने ताणले असता असा पापुद्रा त्यांच्या हाती लागला), तो वाफ बाहेर सोडतो. पण त्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी आणि थंड असावी लागते. कोकणकड्याखाली जुलैत हवा उबदार आणि आर्द्रतेने तुडुंब भरलेली असता ती वाफ जाणार कोठे? शिवाय करवंदीच्या पहिल्याच ओरखड्याने त्या मौल्यवान पापुद्र्याची वाट लागते. म्हणून सह्याद्रीच्या पावसात भिजावयाचे हे गृहीतच धरावे, आणि भिजणे टाळणारी नव्हे, तर भिजूनही हलकी राहणारी व लवकर वाळणारी विजार घ्यावी. नायलॉनची, किंवा नायलॉनमध्ये थोडा लवचीक धागा मिसळलेली, चौरस मीटरला १२० ते १६० ग्रॅम वजनाची, अस्तर नसलेली, मांडीशी सैल आणि घोट्याशी आवळता येणारी विजार या ऋतूस सर्वांत सोयीची. लवचीक धागा पाच-आठ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा; तो जितका अधिक तितके कापड पाणी धरते आणि उशिरा वाळते. खिशांचे अस्तर जाळीचे असले तर ओढा ओलांडल्यावर खिशात पाणी साठून राहत नाही, ही बारीक गोष्ट वाटते, पण दिवसभर चालताना तिचे मोल कळते.

वर मी नायलॉन म्हटले, पॉलिएस्टर म्हटले नाही, त्यास कारण आहे. पॉलिएस्टर अधिक लवकर वाळते, उन्हाने कमी खराब होते, स्वस्तही असते. परंतु घर्षणाला नायलॉन अधिक पुरून उरते, आणि सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे घर्षणाची खाणच आहे. उतारावरच्या घसाऱ्यावरून बसून घसरत येणारा, कातळटप्प्यावर गुडघा टेकून चढणारा, कारवीच्या वाळक्या काठ्यांतून वाट काढणारा प्रवासी कापडाचे जे हाल करतो, ते सपाट रस्त्याच्या धावण्यासाठी बनविलेल्या तलम पॉलिएस्टरच्या विजारीस सोसत नाहीत. येथे धाग्याच्या जातीइतकीच विणीची जातही पाहावी. साधी उभी-आडवी वीण घट्ट आणि हलकी असते. तिरप्या रेघांची ट्विल वीण अंगाला अधिक मऊ बसते आणि घासटणे चांगले सोसते, म्हणून खाकी ड्रिल आणि जीन दोन्ही त्याच विणीची. तिसरी एक वीण अशी की तीत ठरावीक अंतरावर जाड धागे घालून कापडावर बारीक चौकटी पाडलेल्या असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई छत्र्यांच्या कापडासाठी ती प्रचारात आली आणि आज रिपस्टॉप या नावाने ओळखली जाते. काट्याने पडलेली फाट पुढच्या जाड धाग्यापाशी अडते, हा तिचा गुण. पण फाट अडणे निराळे आणि कापड झिजणे निराळे, हा विवेक ग्राहकाने ठेवावा. तलम रिपस्टॉप खडकावर घासले तर चौकटींसकट झिजते. धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात, म्हणजे नऊ हजार मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन. वीस-तीस डेनियरच्या वाराविरोधी विजारी खुल्या पठारासाठी ठीक, करवंदीच्या जाळीत त्यांची एक फेरीही निभत नाही.

होजियरीच्या घट्ट लेगिंग घालून डोंगर चढण्याची पद्धत अलीकडे बरीच रूढ झाली आहे, विशेषतः मुलींमध्ये, कारण बाजारातील स्त्रियांच्या विजारींना धड खिसे नसतात आणि आसनाची जागा आखूड असते. ही उणीव कापड व्यवसायाने आता भरून काढली पाहिजे. लेगिंग चालावयास मोकळी खरी, पण काट्याला अडकली की तिचे धागे लांबपर्यंत सुटतात. आणखी एक गोष्ट अशी की कोयना, आंबोली, महाबळेश्वर या भागांत पावसाळ्यात जळवा असतात, आणि ताणलेल्या होजियरीच्या डोळ्यांतून त्यांना कातडीपर्यंत पोहोचणे सोपे जाते. दाट विणीची विजार मोज्यांत खोचली तर त्या बाहेरच अडतात. हाच बंदोबस्त कोरड्या ऋतूतही सोडू नये. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्गाच्या बाजूस आढळू लागला. तो गोचिडांमुळे पसरतो, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा जोर असतो. त्या पट्ट्यात फिरणाऱ्याने अर्धी विजार घालू नये, पूर्ण विजार मोज्यांत खोचावी आणि रंग फिका निवडावा, म्हणजे कापडावर चढणारा बारीक गोचीड डोळ्यांना दिसतो. मळखाऊ रंगाचा हट्ट तेवढ्यापुरता सोडावा.

उन्हाळ्याचा विचार करताना कापसावरचा माझा आक्षेप मी आनंदाने मागे घेतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. तेथे कापसाचा तंतू घाम पोटात घेतो, सावकाश वाळतो, आणि त्या वाळण्यानेच अंग थंड राखतो. जो दोष जुलैत, तोच मे महिन्यात गुण ठरतो. मेळघाटात किंवा ताडोब्याच्या आसपास दिवसभर पायी फिरणाऱ्याने सैल, फिक्या रंगाची, मध्यम जाडीच्या सुती ड्रिलची विजार शिवून घ्यावी. कापूस जेथे पिकतो तेथील उन्हाळ्यास तोच मानवतो. मात्र हा न्याय कोकणच्या उन्हाळ्यास लावू नये. किनाऱ्यावर हवाच इतकी दमट की सुती कापड दिवसभर ओलेच राहते आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस घासून पुरळ उठते; तेथे सुती-पॉलिएस्टर मिश्रण किंवा झिरझिरीत नायलॉन बरे.

महाराष्ट्रातील हिवाळा विजारीची फारशी परीक्षा पाहत नाही. उंची दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी हवा थंड करते. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पहाटे गारठा झोंबतो, पण चालू लागताच अंग तापते. चौरस मीटरला दोनशे-अडीचशे ग्रॅमची जाड ट्विल विजार पुरे. इशारा द्यावयाचा तो एकच, आणि तो शेकोटीचा. नायलॉन आणि पॉलिएस्टर ठिणगीने जळत नाहीत, वितळतात, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून खोल भाजतो. गडावर चुलीपाशी बसून स्वयंपाक करणाराने त्या वेळेपुरती तरी सुती विजार किंवा मांडीवर घोंगडी घ्यावी.

हिमालयात गेल्यावर हिशेब उलटतो. जो जलरोधक पापुद्रा सह्याद्रीत वाया जातो, तोच तेथे खरे काम करतो, कारण आत घामेजलेले उबदार अंग आणि बाहेर थंड कोरडी हवा असल्यामुळे वाफेला बाहेर जाण्याची ओढ असते. परंतु तेथेही बर्फ आणि बर्फ यांत भेद आहे. उत्तराखंडात केदारकंठ्यासारख्या ठिकाणी मार्च-एप्रिलच्या दुपारी बर्फ मऊ आणि पाण्याने भरलेला असतो. त्यावर बसले, गुडघे टेकले की पाणी थेट आत येते, आणि तेथे जलरोधक बाह्यविजारीवाचून गत्यंतर नाही. लडाखात जानेवारीत गोठलेल्या झंस्करवरून चालताना मात्र हवा शून्याखाली पंधरा-वीस अंश आणि बर्फ पिठूळ कोरडा असतो. तो झटकला की पडतो. तेथे पाण्यापेक्षा वाऱ्याचा आणि स्थिर उभे राहण्याचा धोका मोठा, आणि म्हणून बाहेर दाट विणीचे वारा अडविणारे कापड व आत ऊब धरणारे थर, अशी योजना हवी. दोन्ही ठिकाणी नियम असा की एकच जाड विजार घालू नये. अंगालगत तलम लोकरीची किंवा पॉलिएस्टरच्या होजियरीची आतली विजार, तीवर नेहमीची नायलॉनची, आणि गरज पडेल तेव्हा सर्वांत वर जलरोधक. चढणीवर थर कमी करावेत आणि घाम येण्याआधीच करावेत. तेथे घामाने भिजलेला आतला थर संध्याकाळी बर्फाइतकाच घातक ठरतो. बाह्यविजार घेताना तिला बाजूने घोट्यापासून मांडीपर्यंत चेन आहे याची खातरजमा करावी, कारण वादळ आले असता बर्फाळ बूट काढून विजार चढविणे कोणासही शक्य होत नाही.

थरांची ही योजना कृत्रिम धाग्यांच्या आधीपासून चालत आली आहे. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या जॉर्ज मॅलरींचा देह १९९९ साली सापडला, तेव्हा त्यांच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर आणि वरून घट्ट पिळाच्या गॅबर्डीनचे आवरण असल्याचे आढळले. त्या अवशेषांवरून तसेच कपडे पुढे बनविण्यात आले आणि २००६ साली एव्हरेस्टच्याच परिसरात अंगावर घालून पाहिले गेले. ते हलके, उबदार आणि हालचालीस मोकळे ठरले. यावरून नव्या कापडांची अवहेलना करण्याचे कारण नाही, पण नुसत्या छापील चिठ्ठीवरच्या नावाला भुलण्याचेही नाही.

कापड कितीही उत्तम असले तरी विजार फाटते ती बहुधा शिवणीत. दोन पाय आणि पुढचा-मागचा भाग जेथे एका बिंदूत मिळतात, तेथे उंच पाय टाकताना सर्व ताण एकवटतो. त्या जागी चौकोनी किंवा पतंगाच्या आकाराचा जोडतुकडा घातलेला असला तर ताण चार शिवणींत वाटला जातो आणि विजार उसवत नाही. ज्यांना तयार विजारींच्या किमती परवडत नाहीत त्यांना माझी कळकळीची शिफारस अशी की चांगल्या टेरीकॉट ड्रिलचे कापड घ्यावे, म्हणजे सुमारे दोन भाग पॉलिएस्टर आणि एक भाग कापूस असे मिश्रण, आणि माहीतगार शिंप्याकडून विजार शिवून घ्यावी. हे कापड शुद्ध सुतापेक्षा लवकर वाळते, झिजही चांगली सोसते, आणि लहान गावातही मिळते. शिंप्याला पुढील गोष्टी बजावून सांगाव्यात: कापड कापण्यापूर्वी भिजवून वाळवावे, आसनात जोडतुकडा घालावा, शिवणीत माया भरपूर सोडावी आणि जांघेत, मांडीच्या आतून दुहेरी टीप मारावी, दोरा सुती नव्हे, पॉलिएस्टरचा वापरावा, कारण सुती दोरा ओलीत कुजतो आणि चांगले कापड शिवणीतून उघडे पडते. गुडघ्यावर व बैठकीवर दुसरा थर लावावा की नाही हा मतभेदाचा विषय आहे. झीज थांबते, पण पावसाळ्यात तो थर पाणी धरून बसतो. कोरड्या ऋतूतील कातळारोहणासाठी लावावा, पावसाळी विजारीस लावू नये. कमरेला जाड पट्टा व धातूची कडी नको, सपाट नेफा आणि नाडी असावी. पाठपिशवीचा कमरपट्टा त्याच जागी दाबला जातो आणि कडी हाडावर रुतते. गुडघ्याशी चेन लावून अर्धी होणारी विजार मला पसंत नाही. चेनीत वाळू अडकते, आणि नेमक्या वाकणाऱ्या जागी ताठ शिवण येते.

दुकानात गेल्यावर संकोच बाळगू नये. विजार घालून उकिडवे बसावे, एक पाय खुर्चीवर ठेवून पाहावे, गुडघा छातीकडे आणावा. कोठेही कापड अडले तर ती परत करावी. कापड ओठांशी धरून फुंकावे. हवा सहज पार गेली तर ते उन्हाळ्यासाठी, अडली तर वाऱ्यासाठी. उजेडासमोर धरले असता विणीत विरळ पट्टे दिसले तर घेऊ नये. घरी आणल्यावर, डोंगरावर जाण्याआधी, तिची खरी परीक्षा घ्यावी: बादलीत बुडवून, हाताने पिळून, रात्री नऊ वाजता पंख्याशिवाय दोरीवर टाकावी. सकाळी सहाला ती अंगात घालण्याजोगी वाळलेली नसेल तर मुक्कामाच्या पावसाळी भटकंतीस ती उपयोगाची नाही, मग तिची किंमत काहीही असो.

निगेविषयी थोडे. धुताना कापड मऊ करणारी सुगंधी द्रव्ये घालू नयेत. ती धाग्यांवर पातळ थर देऊन बसतात आणि कापडाची पाणी झटकण्याची किंवा घाम ओढून घेण्याची शक्ती मारतात. पाणी ओघळून जावे म्हणून दिलेला लेप काही धुण्यांनंतर मंदावतो. विजार स्वच्छ धुऊन, वाळवून, वर पातळ फडके ठेवून मंद इस्त्री फिरविली तर तो पुष्कळदा पुन्हा कामास लागतो, मात्र चिठ्ठीवर इस्त्रीस मनाई असेल तर हे करू नये. लवचीक धाग्याच्या विजारीला कडक उष्णता आणि क्लोरीनची पूड दोन्ही वर्ज्य. नायलॉन सावलीत वाळवावे. पावसाळ्यात ओलसर विजार घडी करून ठेवली तर सुती कापडाला बुरशी लागते आणि धागा आतून कुजतो. शिवताना उरलेला कापडाचा तुकडा शिंप्याकडून मागून घ्यावा आणि विजारीसोबत जपून ठेवावा. भोक हरभऱ्याएवढे असतानाच त्या तुकड्याचे ठिगळ आतून लावून चारही बाजूंनी बारीक टीप मारावी, आणि विजार नायलॉनची असल्यास शिवण्यापूर्वी फाटीच्या सुटलेल्या कडा पेटत्या उदबत्तीच्या टोकाने हलकेच वितळवून घ्याव्यात, म्हणजे धागे पुढे सुटत नाहीत.